अन्न, औषध आणि त्यांमधील जागा : अमेरिकेतील आहारपूरकांच्या कायदेशीर व्याख्येचा इतिहास (१९०६ ते २०२५)

बीजसंज्ञा : आहारपूरके, अन्न व औषध कायदा, कायदेशीर व्याख्या, शाबितीचा भार, लाल यीस्ट तांदूळ, एफेड्रा

प्रस्तावना

जीवनसत्त्वांच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कुप्या, वनस्पतींचे अर्क, प्रथिनांच्या भुकट्या अशा वस्तूंना आज सर्वसाधारणपणे आहारपूरके म्हटले जाते. एखादा घटक अशा कुपीत घालता येईल किंवा नाही, हे तो घटक शरीराला किती हितकर वा अपायकारक आहे यावर ठरत असावे, असा सामान्य वाचकाचा समज असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा कायद्याचा इतिहास पाहिला असता हा समज पुष्कळ अंशी दुरुस्त करावा लागतो. तेथे घटकाचे भवितव्य बहुतेक वेळा एखाद्या शब्दाच्या अर्थावर, एखाद्या तारखेवर आणि न्यायालयात शाबितीचा भार कोणावर पडतो यावर ठरले आहे. प्रस्तुत लेखात या व्याख्येची घडण कालक्रमाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. सर्व तरतुदींचा परामर्श घेणे येथे शक्य नाही. ज्या थोड्या प्रकरणांत शब्दाने पदार्थाचा निकाल लावला, त्यांवरच मुख्य भर दिला आहे.

१९०६ व १९३८ : दोन खणांचा कायदा

अमेरिकेतील पहिला व्यापक संघीय अन्न व औषध कायदा ३० जून १९०६ रोजी संमत झाला. कृषी खात्याच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख हार्वे वायली यांनी त्यासाठी दीर्घकाळ खटपट केली होती. या कायद्याने वस्तूंसाठी दोन खण तयार केले. अधिकृत औषधकोशांत नोंदलेली द्रव्ये आणि रोग बरा करणे, सौम्य करणे वा टाळणे या हेतूने वापरली जाणारी द्रव्ये ही 'औषधे'. खाण्यापिण्यासाठी वापरले जाणारे पदार्थ हे 'अन्न'. जीवनसत्त्व ही संकल्पना तेव्हा अजून रूढ व्हायची होती. कॅसिमिर फुंक यांनी 'व्हिटामाइन' हा शब्द १९१२ मध्ये सुचवला. त्यामुळे जी वस्तू खाल्ली तर जाते, पण भूक भागवण्यासाठी नव्हे, तिचा विचार १९०६ च्या कायद्यात नसणे स्वाभाविकच होते.

शब्दावर चालणारा कायदा किती विचित्र वळण घेऊ शकतो, याचे उदाहरण १९३७ मध्ये घडले. टेनेसीतील मॅसेनगिल या कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात विरघळवून 'एलिक्झिर' या नावाने विकले. त्यामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत बरीच मुले होती. मात्र औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवावे, असे तेव्हा कायद्यात कोठेही म्हटलेले नव्हते. शासनाला माल जप्त करता आला तो एका शब्दाच्या आधारावर. 'एलिक्झिर' म्हणजे मद्यार्कयुक्त द्रव, आणि या बाटलीत मद्यार्क नव्हता. म्हणून लेबल खोटे ठरले. तीच बाटली 'द्रावण' या नावाने विकली गेली असती, तर अधिकाऱ्यांच्या हाती जप्तीचे साधनच उरले नसते.

या दुर्घटनेनंतर २५ जून १९३८ रोजी नवा कायदा झाला. त्यात औषधाच्या व्याख्येला एक नवे कलम जोडले गेले : शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्याच्या हेतूची वस्तू हेही औषधच. पण अन्नानेही शरीरावर परिणाम होतोच. म्हणून 'अन्न वगळून' अशा अर्थाचे तीनच शब्द कंसात घालण्यात आले. पुढील अर्धशतकातील बहुतेक वाद या कंसात शिरण्यासाठी किंवा प्रतिपक्षाला त्यातून बाहेर काढण्यासाठी झाले आहेत. जी वस्तू स्वतःला अन्न म्हणवून घेऊ शकली, ती औषधाच्या कठोर परीक्षेतून सुटली.

जीवनसत्त्वांवरून झालेला संघर्ष

अन्न व औषध प्रशासनाने १९४१ मध्ये विशेष आहारविषयक वापराच्या पदार्थांसाठी नियम केले. साठीच्या दशकात हे नियम अधिक कडक करण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि प्रदीर्घ सुनावण्यांनंतर १९७३ मध्ये नवे नियम प्रसिद्ध झाले. जीवनसत्त्वाचे प्रमाण शासनमान्य दैनिक गरजेच्या १५० टक्क्यांपलीकडे गेले की ती गोळी अन्न न राहता औषध ठरेल, असा त्यांचा आशय होता. म्हणजे एकच 'क' जीवनसत्त्व एका मर्यादेपर्यंत अन्न आणि तिच्या पुढे औषध. प्रमाणावरून वस्तूची जातच बदलते, ही कल्पना न्यायालयांना पटली नाही आणि ग्राहकांना तर मुळीच रुचली नाही. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती १९७६ मध्ये संमत झाली. सुरक्षिततेचे कारण असल्याखेरीज जीवनसत्त्वे व खनिजे यांच्या मात्रेवर कमाल मर्यादा घालता येणार नाही, आणि केवळ मात्रा मोठी आहे म्हणून त्यांना औषध म्हणता येणार नाही, असे तिने ठरवले.

ही दुरुस्ती जीवनसत्त्वे व खनिजे यांच्यापुरतीच होती. वनस्पती, तेले आणि अमिनो आम्ले यांना तिचे संरक्षण मिळाले नाही. प्रशासनाचे लक्ष आता तिकडे वळले.

कुपीतील तेल : 'घटक' कशाला म्हणावे?

६ सप्टेंबर १९५८ रोजी अन्नविषयक कायद्यात आणखी एक महत्त्वाची दुरुस्ती झाली होती. ज्याच्या वापरामुळे तो पदार्थ अन्नाचा घटक बनतो किंवा अन्नाच्या गुणधर्मांवर परिणाम करतो, तो 'फूड अ‍ॅडिटिव्ह', म्हणजे अन्नात घातलेला मिश्रक. असा मिश्रक सुरक्षित असल्याचे तज्ज्ञांत सर्वमान्य नसेल, तर त्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि सुरक्षितता सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर येते. साध्या अन्नाबाबत याच्या उलट स्थिती आहे. ते अपायकारक आहे हे शासनाला सिद्ध करावे लागते. या फरकाचे महत्त्व ओळखून प्रशासनाने १९५८ च्या व्याख्येचा आहारपूरकांविरुद्ध वापर सुरू केला.

काळ्या करंट फळाच्या बियांचे तेल जिलेटिन व ग्लिसरिनच्या कुपीत भरून विकले जात असे. या तेलामुळे कोणाला इजा झाल्याचे प्रशासनाने दाखवले नाही. त्याचा युक्तिवाद असा होता की तेल, जिलेटिन आणि ग्लिसरिन एकत्र आले की त्यांची मिळून एक अन्नवस्तू तयार होते, तेल हा तिचा घटक ठरतो, आणि घटक म्हणजे मिश्रक. हा युक्तिवाद मान्य केला तर तेच तेल बाटलीतून चमच्याने घेतल्यास अन्न ठरते आणि कुपीतून गिळल्यास परवानगी नसलेला मिश्रक. १९९२ मध्ये इव्हनिंग प्रिमरोझच्या तेलाबाबत नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने प्रशासनाच्या बाजूने निर्णय दिला होता. परंतु १९९३ मध्ये सातव्या आणि पहिल्या मंडळाच्या न्यायालयांनी काळ्या करंटच्या तेलाच्या दोन स्वतंत्र खटल्यांत हा अर्थ फेटाळला. सातव्या मंडळाच्या न्यायालयाने तर त्याला लुईस कॅरलच्या 'अ‍ॅलिस'च्या अद्भुतनगरीची उपमा दिली. कुपी हे तेल पोटात पोहोचवण्याचे पात्र आहे, तिच्यामुळे तेल कशाचाही मिश्रक होत नाही, असा या निर्णयांचा रोख होता.

येथे प्रशासनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९८९ मध्ये एल-ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या पूरकांमुळे इओसिनोफिलिया-मायाल्जिया हा स्नायूंना ग्रासणारा विकार १,५०० हून अधिक लोकांना जडला होता आणि त्यांपैकी काही दगावले होते. या प्रकरणाचा संबंध प्रामुख्याने एका जपानी उत्पादकाच्या मालाशी जोडला गेला. ज्या अधिकाऱ्यांसमोर अशी रुग्णसंख्या होती, त्यांनी हाती असलेले प्रत्येक कलम वापरून पाहिले, यात नवल नाही. चूक झाली असेल तर ती हत्याराच्या निवडीत. धोका एका मालात असताना त्यांनी शब्दाच्या आधाराने सगळ्या कुप्यांना घेरले, आणि न्यायालयात तो शब्द टिकला नाही.

१९९४ : तिसरा खण

१९९० च्या अन्नलेबल कायद्यानंतर पूरकांवरील दाव्यांचे नियम कडक होणार, अशी चिन्हे दिसू लागली आणि उद्योगाने मोठी जनमोहीम उभारली. दूरचित्रवाणीवरील एका जाहिरातीत अभिनेते मेल गिब्सन यांच्या घरावर सशस्त्र अधिकारी छापा घालतात आणि त्यांच्या हातात सापडते ती 'क' जीवनसत्त्वाची बाटली, असे दृश्य दाखवण्यात आले. युटाचे ऑरिन हॅच आणि आयोवाचे टॉम हार्किन या दोन भिन्न पक्षांच्या सिनेटरांनी पुढाकार घेतलेला आहारपूरक कायदा २५ ऑक्टोबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने अंमलात आला.

या कायद्याची व्याख्या यादीच्या स्वरूपाची आहे. जीवनसत्त्व, खनिज, औषधी वा इतर वनस्पती, अमिनो आम्ल, आहारातील एकूण प्रमाण वाढवण्यासाठी माणूस वापरतो असा आहारद्रव्याचा प्रकार, आणि या सर्वांचा अर्क, संहत रूप, चयापचयज, घटकद्रव्य किंवा मिश्रण. तंबाखू वगळण्यात आली. वस्तू तोंडावाटे घेण्याची असावी, नेहमीचे अन्न म्हणून ती पुढे केलेली नसावी आणि तिच्या लेबलवर आहारपूरक असे लिहिलेले असावे. पूरकातील आहारघटकांना मिश्रकाच्या व्याख्येतून स्पष्टपणे बाहेर काढले गेले. काळ्या करंटच्या तेलाचा वाद त्यामुळे संपला. पदार्थ असुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचा भार शासनावर आला. १५ ऑक्टोबर १९९४ पूर्वी अमेरिकेच्या बाजारात असलेले घटक 'जुने' मानले गेले. त्यानंतरच्या घटकांपैकी जे त्याच रासायनिक रूपात अन्न म्हणून आधीपासून पुरवठ्यात नव्हते, त्यांच्याबद्दल विक्रीपूर्वी ७५ दिवस सूचना देणे आवश्यक झाले.

इतिहासाच्या अभ्यासकाला या कायद्यातील आणखी एक तरतूद विशेष कुतूहलाची वाटेल. कायद्याचा अर्थ लावताना सहमतीचे एक छोटे निवेदन तेवढे वैधानिक इतिहास म्हणून ग्राह्य धरावे, समित्यांचे इतर अहवाल विचारात घेऊ नयेत, असे या कायद्यानेच बजावले आहे. कायदेमंडळाने स्वतःच्या चर्चेचा दप्तरखाना जणू कुलूपबंद केला. त्यामुळे पुढील न्यायाधीशांच्या हाती शब्द आणि शब्दकोश एवढेच राहिले.

लाल यीस्ट तांदूळ : 'वस्तू' म्हणजे काय?

१९९४ च्या व्याख्येत अपवादाचे एक कलम आहे. जी 'वस्तू' नवीन औषध म्हणून मान्यता पावली आहे, किंवा औषध म्हणून जिच्या भरीव चाचण्या सुरू होऊन त्या सार्वजनिक झाल्या आहेत, ती त्यापूर्वी अन्न वा पूरक म्हणून विकली जात नसेल, तर ती पूरक ठरू शकत नाही. औषधकंपन्यांनी संशोधनावर केलेला खर्च सुरक्षित राहावा, हा त्यामागील हेतू उघड आहे. या कलमाची कसोटी एका प्राचीन अन्नाच्या बाबतीत लागली.

चीनमध्ये तांदळावर मोनॅस्कस ही बुरशी वाढवून लाल तांदूळ तयार करण्याची परंपरा जुनी आहे. मद्य तयार करण्यासाठी, पदार्थांना रंग देण्यासाठी आणि औषध म्हणूनही तो वापरला जातो. ली शिझेन यांच्या सोळाव्या शतकातील औषधकोशात त्याचा उल्लेख आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७९ मध्ये मोनॅस्कसपासून 'मोनाकोलिन के' हे कोलेस्टेरॉल कमी करणारे द्रव्य वेगळे केले. सुमारास त्याच काळात मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांना अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीत तेच द्रव्य सापडले. त्याला लोव्हास्टॅटिन हे नाव मिळाले आणि १९८७ मध्ये 'मेव्हाकॉर' या औषधाच्या रूपाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. अशा रीतीने बुरशीत निसर्गतः असलेले द्रव्य कायद्याच्या दृष्टीने औषध बनले.

फार्मानेक्स या कंपनीने १९९६ मध्ये लाल यीस्ट तांदळाचे 'कोलेस्टिन' हे पूरक विक्रीस आणले. २० मे १९९८ रोजी प्रशासनाने ते औषध असल्याचा निर्णय दिला. कंपनी युटातील संघीय जिल्हा न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे : मान्यता मिळाली ती 'मेव्हाकॉर' या गोळीला, 'वस्तू' म्हणजे तयार उत्पादन, आम्ही ती गोळी विकत नाही, तांदूळ विकतो. प्रशासनाचे म्हणणे : 'वस्तू' या शब्दात उत्पादनाबरोबर त्यातील क्रियाशील घटकही येतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये जिल्हा न्यायालयाने कंपनीचा अर्थ स्वीकारला. जुलै २००० मध्ये दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने तो बदलला. शब्द संदिग्ध आहे, आणि संदिग्ध शब्दाचा प्रशासनाने लावलेला अर्थ वाजवी असेल तर न्यायालयाने तो मान्य करावा, या 'शेव्हरॉन' तत्त्वाचा आधार त्याने घेतला. प्रकरण परत आल्यावर मार्च २००१ मध्ये जिल्हा न्यायालयाने प्रशासनाचा निर्णय कायम ठेवला. परंपरागत तांदूळ शतकानुशतके खाल्ला गेला असला, तरी कंपनीने बुरशीचा विशिष्ट वाण निवडून व किण्वन नियंत्रित करून लोव्हास्टॅटिनचे प्रमाण साधले होते. म्हणजे प्रत्यक्षात ती लोव्हास्टॅटिनच विकत होती, अशी प्रशासनाची भूमिका होती. (ज्या 'शेव्हरॉन' तत्त्वावर हा निकाल उभा राहिला, ते सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये रद्द केले. तोच प्रश्न आज नव्याने उपस्थित झाला, तर उत्तर तेच येईल असे गृहीत धरता येणार नाही.)

या निर्णयाचा परिणाम मात्र विचार करण्याजोगा आहे. लाल यीस्ट तांदूळ बाजारातून नाहीसा झाला नाही. नाहीसा झाला तो लेबलवरील आकडा. मोनाकोलिनचे प्रमाण जाहीर करणे म्हणजे आपण औषध विकत असल्याची कबुली देणे, अशी परिस्थिती निर्माण झाल्यामुळे कंपन्यांनी ते लिहिणे टाळले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा १२ उत्पादनांत 'मोनाकोलिन के'चे प्रमाण दर कुपीत ०.१० मिलिग्रॅमपासून १०.०९ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे शंभरपट तफावतीने आढळले. चार उत्पादनांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक असलेले बुरशीजन्य विष होते. वैद्याच्या सल्ल्याने स्टॅटिन घेणारा रुग्ण शेजारच्या दुकानातून हाच तांदूळ आणून खात असेल, तर आपण किती मात्रा घेतो हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. औषधाला पूरकाच्या खणातून बाहेर ठेवणारी व्याख्या त्याच औषधाच्या मोजमापाला लपवणारी ठरावी, हे विपरीतच म्हटले पाहिजे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये दुसरी वाट धरली. तेथे दैनिक मात्रेत मोनाकोलिनचे प्रमाण ३ मिलिग्रॅमहून कमी असावे असे बंधन घालण्यात आले. म्हणजे आकडा लपवण्याऐवजी लिहावा लागला.

एफेड्रा आणि 'घटकद्रव्य'

एफेड्रा अर्थात चिनी 'मा हुआंग' ही वनस्पती १९९४ च्या यादीत 'वनस्पती' म्हणून सहज बसली. त्यातील एफेड्रिन या अल्कलॉइडमुळे रक्तदाब व हृदयाचे ठोके वाढतात; प्रयोगशाळेत तयार केलेले एफेड्रिन औषधाच्या नियमांखाली आणि वनस्पतीतून आलेले पूरकाच्या, अशी दुहेरी स्थिती होती. वजन घटवण्यासाठी तिचा सर्रास वापर झाला. प्रशासनाने १९९७ मध्ये मात्रेवर मर्यादा सुचवली, पण पुरावा अपुरा ठरवला गेल्याने २००० मध्ये प्रस्तावाचा मोठा भाग मागे घ्यावा लागला. फेब्रुवारी २००३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू स्टीव्ह बेक्लर सरावादरम्यान उष्माघाताने मरण पावला आणि त्या मृत्यूशी एफेड्राचा संबंध जोडला गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये बंदीचा नियम प्रसिद्ध होऊन एप्रिलपासून तो लागू झाला. २००५ मध्ये एका जिल्हा न्यायालयाने अल्प मात्रेचा धोका शासनाने सिद्ध केला नाही असे म्हटले. तो निकाल ऑगस्ट २००६ मध्ये दहाव्या मंडळाच्या न्यायालयाने फिरवला. १९९४ च्या कायद्यानुसार एखादा घटक असुरक्षित ठरवून काढण्याचे हे पहिलेच उदाहरण होते आणि पहिल्या प्रस्तावापासून अंतिम निकालापर्यंत नऊ वर्षे गेली.

एफेड्राची जागा घेणाऱ्या उत्तेजकांत डीएमएए हे द्रव्य होते. ते जिरॅनियम या वनस्पतीत सूक्ष्म प्रमाणात आढळते, म्हणून ते वनस्पतीचे 'घटकद्रव्य' आहे, असा उत्पादकांचा दावा होता. बाजारातील द्रव्य मात्र प्रयोगशाळेत तयार होत असे. २०१९ मध्ये अकराव्या मंडळाच्या न्यायालयाने हा दावा अमान्य केला. ते घटकद्रव्य नाही म्हटल्यावर ते आपोआप १९५८ च्या 'मिश्रक' या खणात गेले आणि सुरक्षितता सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर आला.

जुन्या बाजाराचा शोध

१९९४ पूर्वी बाजारात असलेल्या घटकांची अधिकृत व पूर्ण यादी प्रशासनाने कधीच प्रसिद्ध केली नाही. या बाबतीत भारताची पद्धत वेगळी आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम २२ मध्ये आरोग्यपूरके व न्यूट्रास्युटिकल्स यांची व्याख्या करताना औषधे व आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधे त्यातून वगळली आहेत, आणि २०१६ च्या नियमांना घटकांच्या परिशिष्टांची जोड दिली आहे. येथे अनुसूचीत नाव असणे महत्त्वाचे, तर तेथे तारीख. तारीख सिद्ध करायची तर जुन्या मूल्यसूची, मासिकांतील जाहिराती आणि विक्रीच्या पावत्या धुंडाळाव्या लागतात. इतिहासकाराची साधने अशा रीतीने वकिलांच्या दप्तरात गेली आहेत.

एन-अ‍ॅसिटिल-सिस्टीन हे द्रव्य याचे अलीकडील उदाहरण होय. नव्वदच्या दशकापासून ते पूरक म्हणून खुलेपणे विकले जात होते. जुलै २०२० मध्ये प्रशासनाने काही कंपन्यांना कळवले की हे द्रव्य कफ पातळ करणारे औषध म्हणून १९६३ मध्येच मान्य झाले आहे, आणि त्यापूर्वी ते पूरक म्हणून विकले गेल्याचा पुरावा नाही. मार्च २०२२ मध्ये या भूमिकेवरील हरकती फेटाळल्या गेल्या. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तूर्त कारवाई न करण्याचे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले. म्हणजे कायद्याने वगळलेले द्रव्य दुकानात राहिले. एनएमएन या द्रव्याबाबत २०२२ मध्ये घेतलेली अशीच वगळण्याची भूमिका प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये मागे घेतली. औषध म्हणून तपासणीला परवानगी मिळण्यापूर्वी ते पूरक म्हणून बाजारात आलेले होते, हे त्याने मान्य केले. या तीन वर्षांत रेणूच्या रचनेत किंवा त्याच्या सुरक्षिततेविषयीच्या निष्कर्षात काही बदल झाला, असे प्रशासनाने म्हटले नाही. बदलले ते बाजारातील पहिल्या विक्रीविषयीचे त्याचे मत.